नाकारणाऱ्याचं नाव काय?

मुंबईतला चित्रप्रदर्शनांचा हंगाम पावसाळा सरल्यावर रंगात येतो. २०२३पासून नोव्हेंबरात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ हा मेळा भरू लागला आहे. जानेवारीत ‘मुंबई गॅलरी वीकेंड’ असतो, तो २०१२पासूनचा. फेब्रुवारी उजाडला की दिल्लीचा इंडिया आर्ट फेअर आणि आपला काळा घोडा महोत्सव. या सगळ्यांच्या मध्ये डिसेंबर सापडतो. नावाजलेल्या चित्रकाराचं एकल प्रदर्शन गॅलऱ्या शक्यतो जानेवारीसाठी राखून ठेवतात, कारण तेव्हा बाहेरगावचे संग्राहक शहरात असतात. डिसेंबरात तर एखाद्या वर्षी कोचीचं बिएनाले आणि पणजीचा सेरेंडिपिटी कला महोत्सव अशी दुसरी आकर्षणंही असतात. मग कुलाबा-फोर्टच्या जुन्या इमारतींमधल्या गॅलऱ्यांच्या भिंतींवर दहा-पंधरा जणांची कामं एकत्र लागतात. जाणकार त्याला ‘ग्रुप शो’ म्हणतात आणि म्हणताना बहुधा नाक मुरडतात. गोदामात उरलेला माल, मेळ्यात न विकलेले कॅनव्हास, एखादं जुनं नाव आणि दोन-तीन नवखे असा या प्रदर्शनांचा लौकिक आहे. तो पूर्णपणे खोटा नाही, पण त्यातली तक्रार मात्र चुकीच्या जागी आहे. कामं सरमिसळ असणं हा वर्षअखेरच्या समूह-प्रदर्शनाचा दोष नव्हे. या शहराची आधुनिक चित्रकला सरमिसळ प्रदर्शनांतूनच उभी राहिली. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीत. पूर्वीच्या वार्षिक प्रदर्शनांत कोणाला तरी उघडपणे नाकारलं जायचं आणि कोणी नाकारलं हे सगळ्यांना ठाऊक असायचं. आजच्या प्रदर्शनात निवड होते, म्हणजे नकारही होतोच. पण तो कोणाच्याच नावावर नसतो. त्यामुळे त्याच्याशी भांडता येत नाही, आणि भांडण नाही म्हणून समीक्षाही नाही.

बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना १८८८ सालची. आधीच्या पिढीसाठी ‘वार्षिक’ म्हणजे सोसायटीचं प्रदर्शन, एवढं ते सर्वमान्य होतं. चित्रकारांनी कामं पाठवायची, निवड समितीने ती पाहायची, घेतलेली भिंतीवर लागायची आणि न घेतलेली परत न्यायची. समितीवर सुरुवातीला साहेबांचं वर्चस्व, आवड जे. जे. स्कूलच्या शिस्तीतली आणि मान मोठा तो पदकाचा. १८९५ साली महादेव विश्वनाथ धुरंधरांना सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. ते मिळवणारे ते पहिले भारतीय. जे. जे. स्कूलमध्ये शिकून तिथेच शिक्षक झालेल्या या माणसाने पुढे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. १९३७ साली हेच पदक अमृता शेरगिलच्या ‘तीन मुली’ या चित्राला मिळालं. या दोन चित्रकारांत चाळीसेक वर्षांचंच अंतर आहे, पण चित्राकडे पाहण्याची दृष्टी जवळजवळ उलटी. एकाला घरातला प्रसंग, त्यातले दागिने, पातळाच्या निऱ्या आणि चेहऱ्यावरचा भाव प्यारा. दुसरीला सपाट रंगांचे मोठे आकार आणि डोळे खाली वळवून थबकलेल्या तीन मुलींचं नुसतं असणं. परीक्षकांचं मंडळ मधल्या काळात किती बदललं, हे त्या दोन निर्णयांवरून समजतं. निर्णय जाहीर होते, म्हणून तर समजतं. याच शेरगिलने १९३५च्या सुमारास सिमल्याच्या कलासंस्थेचं पारितोषिक परत केलं होतं, कारण संस्थेने तिची काही चित्रं नाकारून एकाला तेवढं बक्षीस दिलं होतं. तिच्या त्या रागाला पत्ता होता, आणि तो राग त्याच पत्त्यावर पोचलाही.

मुंबईच्या कलेतला सर्वांत मोठा राग १९४७ सालचा. कृष्णाजी हौळाजी आरा घरकाम आणि मोटारी धुण्याचं काम करत चित्रकार झाले. स्वातंत्र्याच्या मिरवणुकीचा त्यांचा एक मोठा कॅनव्हास सोसायटीच्या प्रदर्शनात नाकारला गेला आणि त्या ठिणगीतून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप जन्माला आला, असं सांगितलं जातं. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार बाकरे असे ते सहा जण. सूझांना ‘चले जाव’ चळवळीतल्या सहभागापायी १९४५ साली जे. जे.मधून काढलं होतं, तेव्हा संस्थांशी भांडण्याचा सराव त्यांना होताच. पण या कथेचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे. ज्या सोसायटीवर हे लोक चिडले होते तिनेच १९४८ साली रझांना सुवर्णपदक दिलं. आणि जुलै १९४९मध्ये ग्रुपचं पहिलं प्रदर्शन भरलं ते रॅम्पार्ट रोवरच्या सोसायटीच्याच सॅलॉनमध्ये. उद्घाटनाला लेखक मुल्कराज आनंद होते. म्हणजे नकार देणारं घर आणि त्या नकाराला उत्तर देणारं घर एकच होतं. सोसायटी पुरोगामी होती असं नव्हे. ती दिसत होती, एवढंच. तिला दार होतं, समिती होती, नियम होते, आणि त्यामुळे त्या दारावर धडका मारता येत होत्या.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल, आणि तो वजनदार आहे. परीक्षक मंडळांनी आणि पदकांनी कलेचं भलं केलं की नुकसान? पदकाच्या आशेने पिढ्यान्‌पिढ्या चित्रकार तेच ते घाट, त्याच त्या पाणवठ्यावरच्या बायका, तेच जलरंगातले पावसाळी रस्ते काढत राहिले. ‘बॉम्बे स्कूल’ या चित्रशैलीच्या कसबाबद्दल आदर बाळगूनही हे मान्य करावं लागतं. आजही कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन भरतं, त्यात विद्यार्थ्यांचा विभाग असतो, व्यावसायिकांचा असतो, परीक्षक असतात, पारितोषिकं असतात. आणि निकालावर कुरकुर झाली नाही असं वर्ष विरळाच. त्यातली बरीचशी कामं वर्षभरात विस्मरणात जातात. तेव्हा समितीने निवडलेलं चांगलंच असतं, असं मी म्हणतच नाही. माझा मुद्दा चांगल्या-वाईट निवडीच्या अलीकडचा आहे. वाईट निवडसुद्धा उघड असली की तिच्याविरुद्ध काही उभं राहू शकतं. पॅरिसमध्ये १८६३ साली सॅलॉन या अधिकृत प्रदर्शनाने इतकी चित्रं नाकारली की नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवावं लागलं, आणि अकरा वर्षांनी इंप्रेशनिस्टांनी आपली स्वतंत्र भिंत उभी केली. सॅलॉनच्या परीक्षकांची नावं आज कोणाला आठवत नाहीत. त्यांनी दिलेला नकार मात्र कलेच्या इतिहासात पक्का बसला आहे.

परीक्षक मंडळ नको असेल तर दुसरा मार्ग आहे, आणि तोही मुंबईने पाहिला आहे. १९८१ साली ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन मुंबई आणि दिल्लीत झालं. जोगेन चौधुरी, भूपेन खख्खर, नलिनी मलानी, सुधीर पटवर्धन, गुलाम मोहम्मद शेख आणि विवान सुंदरम, एवढे सहाच जण. सोबत कलासमीक्षक गीता कपूर यांचा दीर्घ निबंध. अमूर्ताचा दबदबा असलेल्या त्या काळात या प्रदर्शनाने माणसाच्या आकृतीची, गोष्टीची, जागेची बाजू घेतली, आणि निबंधाच्या शीर्षकातच आपण पक्षपाती आहोत हे सांगून टाकलं. पुण्यात जन्मलेले, पेशाने रेडिओलॉजिस्ट असलेले पटवर्धन ठाण्यात राहून लोकलची गर्दी, कामगार, इराण्याच्या हॉटेलातले चेहरे रंगवत होते. ही चित्रं सुटी पाहिली असती तर ‘सामाजिक आशयाची’ म्हणून बाजूला ठेवली गेली असती. खख्खरांच्या निरागस भासणाऱ्या, मुळीच निरागस नसलेल्या मध्यमवर्गीय पुरुषांशेजारी ती लागली, तेव्हा त्यांतला दुसरा प्रश्न वर आला: चित्रकार ज्याला रंगवतो त्याच्यापासून तो किती अंतरावर उभा असतो? हा प्रश्न शेजारामुळे पडला. पुढे १९८७ ते १९८९ या काळात नलिनी मलानी, माधवी पारेख, निलिमा शेख आणि अर्पिता सिंग यांनी ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हे प्रदर्शन वेगवेगळ्या शहरांत नेलं. चारही स्त्रिया, आणि तेच त्या निवडीचं म्हणणं. ‘बायका म्हणून वेगळी भिंत कशाला?’ असं विचारायला वाव होता, कारण उत्तर द्यायला चार माणसं समोर उभी होती.

मग मधल्या काळात बदललं काय? याचं उत्तर गॅलरी नावाच्या व्यवस्थेत आहे. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली. तिथली पद्धत आजही मुळात भाड्याची: अर्ज करायचा, वर्षानुवर्षं रांगेत थांबायचं, नंबर लागला की आठवड्याभरासाठी दालन घ्यायचं, चित्रं स्वतः टांगायची, स्वतः विकायची. १९६३ साली याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर केकू गांधींनी गॅलरी केमोल्ड उघडली. ते मुळात चित्रांच्या फ्रेम बनवण्याच्या धंद्यातले. चित्रकार फ्रेमसाठी यायचे, चित्रं दुकानात लागायची, आणि लावलेली चित्रं लोक विकत मागायचे. त्याच वर्षी पंडोल गॅलरीही सुरू झाली. इथून पुढे चित्रकार आणि भिंत यांच्यामध्ये एक तिसरा माणूस कायमचा आला. गॅलरी चित्रकाराला आपला म्हणते, त्याचं प्रदर्शन भरवते, कॅटलॉग छापते, मेळ्यात नेते आणि विक्रीच्या रकमेतला वाटा, बऱ्याचदा निम्मा, ठेवून घेते. यात चित्रकाराची सोयच झाली. भाडं, रंगकाम, लाइट, विमा, वाहतूक या कटकटींतून तो सुटला. खख्खरांसारख्या हिशेबनिसाची नोकरी करणाऱ्या माणसाला केमोल्डने १९६५ साली भिंत दिली, ती कुठल्या परीक्षक मंडळाने दिली असती याबद्दल मला दाट शंका आहे. एका माणसाची तिखट नजर समितीपेक्षा पुष्कळदा पुढचं पाहते.

पण या व्यवस्थेत नकाराचं रूप पालटलं. तिथे प्रवेशिका मागवत नाहीत, म्हणून काही परत न्यावं लागत नाही. चित्रकार पोर्टफोलिओची पीडीएफ पाठवतो आणि उत्तर येत नाही. बस, नकार एवढाच. तो कधी झाला, कोणत्या चित्रावर झाला, कोणाच्या मते झाला, काहीच कळत नाही. आणि प्रेक्षकाला तर त्याची चाहूलही लागत नाही. त्याच्यापुढे येते ती दारावरची कन्सेप्ट नोट. तिच्यात स्मृती, देह, भूमी, स्थलांतर, परिसंस्था यांपैकी दोन-तीन शब्द असतात आणि सगळी कामं ‘एकमेकांशी संवाद साधत’ असतात. या नोटेचा गमतीदार गुण असा, की ती शेजारच्या गॅलरीच्या दारावर चिकटवली तरी चालून जाते. जी नोट सगळ्यांनाच सामावून घेते तिच्या खाली सही नसली तरी कोणाचं अडत नाही, आणि पुष्कळदा ती नसतेच.

अशा प्रदर्शनात नोटेपेक्षा चित्राशेजारची लेबलं जास्त बोलतात. आधी साल पाहावं. ‘वर्षअखेर’ म्हणून भरवलेल्या प्रदर्शनात पाच-सात वर्षांपूर्वीची कामं निम्म्याहून जास्त असतील तर हा वर्षाचा ताळा नव्हे, शिल्लक साठ्याची मोजदाद आहे. मग माध्यम आणि आकार. मोठ्या नावाचं काम कागदावरचं आणि हातभर आकाराचं असेल आणि नवख्याचा कॅनव्हास अख्खी भिंत व्यापत असेल, तर भाव एका पातळीवर आणायची ही खटपट असू शकते. छायाचित्रांच्या आणि छापांच्या लेबलावर पाचपैकी तिसरी प्रत अशी नोंद असते. पहिल्या दोन आधीच कुठे गेल्या असतील. शेवटी शेजार पाहावा. चित्राचा मध्य साधारण पाच फुटांवर, म्हणजे डोळ्यांच्या उंचीवर, धरून ओळीत टांगणं ही आजची रीत. सोसायटीच्या जमान्यात चित्रं खालपासून छतापर्यंत खच्चून लावत, आणि कोणाचं चित्र कुठल्या उंचीवर लागलं यावरून रुसवे होत. आता सगळी एका ओळीत लागतात, त्यामुळे रुसवे आटले. पण आतल्या खोलीत कोण आणि दारासमोर कोण, हा भेद आहेच. अमूर्त चित्रकार गायतोंडे रोलर आणि सुरीने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, आणि वर्षाला मोजकी चित्रं करायचे. त्यांच्या एखाद्या चित्राच्या दोन हातांवर हुसेनचे उधळलेले घोडे लावले तर गायतोंडे गप्प होतात. त्यांना एकटी भिंत दिली तर तिथे दहा मिनिटं उभं राहावं लागतं. टांगणाऱ्याने इथे मत दिलेलं असतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. गॅलरी हे खासगी दुकान आहे. साडीच्या दुकानदाराने कुठली साडी शोकेसमध्ये का लावली, याचा जाब कोणी विचारत नाही, मग गॅलरीला का विचारायचा? आक्षेप प्रामाणिक आहे, आणि गॅलऱ्यांनी स्वतःला दुकान म्हणवलं असतं तर मी तो मान्यही केला असता. पण त्या तसं म्हणवत नाहीत. त्या क्युरेटर नेमतात, चर्चा ठेवतात, कोणालाही विनामूल्य येऊ देतात, आणि आपल्या कामाला सांस्कृतिक कार्य म्हणतात. ते खरंही आहे. काळा घोडा परिसरात १९९६ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आलं. तरी चालू घडीची कला रोजच्या रोज दाखवण्याचा भार आजही मुख्यतः खासगी गॅलऱ्याच वाहतात. आज त्यांच्या भिंतीवर जे लागतं तेच उद्या बिएनालेत, संग्रहालयात आणि लिलावात जातं. तेव्हा खासगी माणसाने घेतलेला हा निर्णय फार दिवस खासगी राहत नाही. शिवाय हे जमू शकतं, याचा दाखला घरातच आहे. केमोल्डला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१३-१४ साली, गॅलरीने ‘एस्थेटिक बाइंड’ नावाची पाच प्रदर्शनांची मालिका गीता कपूर यांच्या हाती सोपवली. पाचही समूह-प्रदर्शनं, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं, मृत्यूपासून नागरिक म्हणून कलावंत काय करतो इथपर्यंत, आणि प्रत्येकाखाली एका व्यक्तीचं नाव. ती मालिका न पटणाऱ्याला कोणाशी वाद घालायचा हे माहीत होतं. मराठीतला दिवाळी अंक तरी काय आहे? तेही वर्षअखेरचं समूह-प्रदर्शनच. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून संपादकाचं नाव अंकावर छापलं जातं, आणि अंक फसला की वाचक त्याच नावाने बोटं मोडतात.

तिसरा आक्षेप चित्रकारांकडून येतो आणि त्यात दुखरी नस आहे. उघड नकार क्रूर असतो. कोल्हापूर, औरंगाबाद, नागपूरच्या कलामहाविद्यालयातून मुंबईत आलेल्या मुलाला चारचौघांत नाकारून काय साधणार? न आलेलं उत्तर निदान अपमान तरी करत नाही. हे मला अर्धंच पटतं. नाकारलेल्यांची यादी दारावर लावा, असं कोणीच म्हणत नाही. मागणी त्याहून कितीतरी साधी आहे: निवड कोणी केली त्याचं नाव, हीच कामं एकत्र का आणली याची दोन परिच्छेदांत ठाम कारणं, आणि त्यात एखादं तरी वाक्य असं की ज्याला ‘नाही, हे चूक आहे’ म्हणता येईल. शिवाय मौन वाटतं तितकं दयाळू नसतं. नकार ऐकलेला माणूस चिडतो, चार मित्र जमवतो, दालन शोधतो. उत्तराची वाट पाहणारा वाट पाहत राहतो.

इथे प्रोग्रेसिव्हांची फार आरती ओवाळायचीही गरज नाही. त्यांच्या पहिल्या प्रदर्शनामागे एक शैली किंवा एक विचार नव्हता. प्रत्येकाला हवं ते आणि हवं तसं रंगवण्याची मोकळीक, एवढंच सूझांनी कॅटलॉगमध्ये ठासून मांडलं होतं. त्याच वर्षी सूझा लंडनला गेले, वर्षभराने रझा पॅरिसला, मग बाकरेही लंडनला. १९५६पर्यंत ग्रुप मोडला. आणि त्या सहा जणांपैकी अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे आणि पुढे लंडनहून परतून दापोलीजवळच्या मुरूडला राहिलेले सदानंद बाकरे यांची नावं आज मराठी वाचकालाही चटकन आठवत नाहीत. म्हणजे उघड भांडणातून निघालेल्या समूहातही विस्मरणाचा अन्याय होतोच. पण गाडे आणि बाकरे यांचा शोध घ्यायचा झाला तर सुरुवात कुठून करायची ते ठाऊक आहे: १९४९ सालचं एक प्रदर्शन, एक जागा, एक कॅटलॉग, सहा नावं. आजच्या डिसेंबरातल्या प्रदर्शनातून सत्तर वर्षांनी कोणी कोणाला शोधू लागलं, तर त्याच्या हाती प्रामुख्याने किमतींची यादी लागेल.

आणि किमतींचा विषय निघालाच आहे तर तोही टाळता येत नाही. मार्च २०२५मध्ये हुसेन यांचं १९५४ सालचं ‘ग्रामयात्रा’ न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. सप्टेंबर २०२५मध्ये चित्र-शिल्पांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. या दोन बातम्यांमुळे ज्याने आजवर चित्र विकत घेतलं नव्हतं असा माणूस गॅलरीच्या पायऱ्या चढू लागेल, आणि तो पहिल्यांदा चढेल तो बहुधा समूह-प्रदर्शनासाठीच. कारण तिथे एका फेरीत दहा जण पाहायला मिळतात आणि भावही तुलनेने आवाक्यातले असतात. त्याला विक्री झाल्याची लाल टिकली कळते. चित्राखाली टिकली का नाही, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही, आणि शेजारच्या चित्राखाली ती का आहे, हेही नाही. कारणं न मिळालेला नवा ग्राहक नावाकडे बघून घेतो, आणि नावं तर लिलावाच्या बातम्यांतून ठरलेली असतात. अशा वेळी गॅलरीने दोन परिच्छेद लिहून खाली सही केली, तर निदान त्या ग्राहकाला ‘मला हे पटत नाही, मला त्या कोपऱ्यातलंच आवडलं’ असं म्हणायची सोय होईल. आणि कोपऱ्यातल्या त्या चित्रकाराचं नाव कदाचित अजून कुठल्याच बातमीत आलेलं नसेल.